एकशे सदतीस प्लॉट आणि एक कंस

माणसाच्या हातून काही चोख काम व्हायचं असेल, तर आधी त्याची अवजारं शुद्ध आणि त्याचा विचार काटेकोर असावा लागतो, असं माझं मत आहे. हे मत मी बरीच वर्षं बाळगून होतो आणि संधी मिळेल तिथं, विशेषतः समोरचा माणूस उठून जाऊ शकत नसेल तेव्हा, बोलूनही दाखवत होतो. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्या मताची थोडी डागडुजी करावी लागली. मत अजून आहे. फक्त मोठ्यानं सांगत नाही.

मी खालापूरला, हमरस्त्यापासून जरा आत, जमिनींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात काम करतो. ऑफिस म्हणजे वेल्डिंगच्या दुकानावरची एक खोली. तिथं आम्ही तिघं. शेठ मोजणी करतात. पूर्वी स्वतः साखळी घेऊन शेतात उतरायचे, आता गाडीच्या काचेतून बोट दाखवतात. ताई नकाशे काढतात. त्या कुंभिवलीच्या. ट्रेसिंग पेपरवर शाईनं नकाशे निघायचे तेव्हापासून खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर बसतात, आणि आसपासच्या तीन गावांतला कुठला बांध कुठं वळतो हे त्यांना सर्व्हे नंबर न बघता सांगता येतं. मी कर्जतहून स्कूटरनं येतो आणि उरलेलं सगळं करतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढणं, अर्जांचं मराठी सरकारला समजेल इतकं अवघड करणं, आणि कॉम्प्युटर बंद पडले की त्यांच्याकडे गंभीरपणे पाहणं.

कॉम्प्युटर तीन आहेत. मोहोपाड्याच्या एका कारखान्यानं भंगारात काढले तेव्हा शेठनी ते टेंपोत घालून आणले. त्यांपैकी एकाच्या कपाळावर 'सुरक्षा आपल्या हाती' असं स्टिकर अजून आहे, आणि त्याच मशीनला हात लावला की सौम्य झटका बसतो. नवे का घेत नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. आमचं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फार जुनं आहे. ते उघडायला मशीनच्या पाठीत आगपेटीएवढा एक ठोकळा खुपसावा लागतो. ठोकळा नसेल तर सॉफ्टवेअर ओळख दाखवत नाही. नव्या मशीनच्या पाठीत तो खुपसायला जागाच नसते. तेव्हा आम्ही जुन्या यंत्रांवर काम करतो ते निष्ठेमुळे नाही, ठोकळ्यामुळे. ठोकळा एकच आहे आणि तो ताईंच्या मशीनला आहे. मी माझ्या मशीनवर काही लिहिलं की ते पेन ड्राइव्हवर घालून चार पावलं चालत ताईंकडे नेतो. आमच्या ऑफिसातलं नेटवर्क ते हेच.

खंडेनवमीला या सगळ्याची पूजा असते. खालचा वेल्डिंगवाला त्याच्या मशीनला झेंडूची माळ घालतो. शेठ त्यांची गंजलेली साखळी आणि पितळी ओळंबा पाटावर मांडतात. ताई शाईची जुनी पेनं मांडतात. कॉम्प्युटर माझ्या वाट्याला येतात. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी दरवर्षी सांगतो. ताई दरवर्षी ‘बरं’ म्हणतात आणि ताट माझ्या हातात देतात.

“प्रोग्राम तुमी लिवता ना, मंग पूजा तुमीच करायची.”

विश्वास नसलेल्या माणसानं पूजा अर्धवट केली तर लोक म्हणतात, मुद्दाम केली. म्हणून मी ती जरा जास्तच मन लावून करतो. कुंकू पाण्यात कालवून प्रत्येक कीबोर्डला पाच बोटं ओढली, झेंडू ठेवला आणि ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता अशा काही सढळ हातानं टाकल्या की शेठ म्हणाले, “बघा, हा देव मानत नाय, पन हात बघा त्याचा.” मला बरं वाटलं. नास्तिकाचं असं कौतुक कमी होतं.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी शेठ हातात नकाशाची गुंडाळी घेऊन वर आले. डोंगराच्या पायथ्याशी एकशे सदतीस प्लॉटांचा एक लेआउट आम्ही काढला होता. त्यातला आतला रस्ता सहा मीटरचा होता. तो नऊचा करायचा, असं वरून सांगण्यात आलं होतं. रस्ता तीन मीटरनं वाढला की त्याच्या कडेचे प्लॉट तेवढे आत सरकतात, ते मागच्यांना ढकलतात, आणि शेवटी एकशे सदतीसच्या एकशे सदतीस प्लॉटांची क्षेत्रफळं बदलतात.

“शनवारी पार्टी येतेय मुंबईवरून,” शेठ म्हणाले. “मोठा सायेब हाय बरोबर. त्याला क्षेत्राचा तक्ता लागतो. चौरस मीटर पन पायजे, गुंठं पन पायजे. झालं तर झालं. नाय झालं तर काम पनवेलला दिऊन टाकतो, तिकडं पोरं एका दिवसात करतात म्हनं.” मग त्यांनी छताकडे पाहिलं. काही अवघड बोलायचं असलं की ते छताकडे पाहतात. “आन् काम पनवेलला जायला लागलं, तर हितं नकाशाची खुर्ची कशाला ठेवायची, सांगा.”

नकाशाची खुर्ची म्हणजे ताईंची. खोलीत ती एकच होती आणि तिच्यावर ताई बसलेल्या होत्या.

“खुर्ची तुमचीच हाय, न्या उचलून,” ताई म्हणाल्या. “मी खाली बसन.”

शेठ खाली गेले. ताईंनी हातातली रेघ पूर्ण केली. चहा आल्यावर त्या माझ्याशी बोलल्या, तेही खिडकीकडे बघत.

“घरी बसायला माझी ना नाय, भाऊ. पन करू काय? सून चांगली हाय. लय चांगली हाय. मला कायबी करू देत नाय. सकाळी उठले का हातात चहा. दुपारी ताट. भांडं उचलाया गेले तर ‘आई, ऱ्हाऊ द्या’. रविवारी चार वाजले ना, का मला वाटतं आपन मेलो का काय.”

प्रश्न असा होता. शनिवारपर्यंत तक्ता झाला तर ताई खुर्चीवर; नाही झाला तर सुनेच्या स्वाधीन. हातानं एक-एक प्लॉट मोजून तक्ता करायला ताईंना तीन आठवडे लागले असते. मी म्हटलं, “ताई, काळजी करू नका. माझा प्रोग्राम आहे. एका दिवसाचं काम.” हे वाक्य मी खाली गेलेल्या शेठनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. त्याचा पुढं त्रास झाला.

प्रोग्राम लिस्प नावाच्या भाषेत होता. ही भाषा माझ्याहून जुनी आहे आणि प्रकृतीनं माझ्याहून बरी. आमच्या नकाशाच्या सॉफ्टवेअरला तिच्यात छोट्या सूचना लिहून देता येतात: हा प्लॉट घे, क्षेत्रफळ काढ, गुंठे कर, मधोमध लिही, पुढच्याकडे जा. इंटरनेटवर या भाषेचे भक्त तिच्याबद्दल उपनिषदांच्या सुरात लिहितात. तिच्यामुळे आपल्याला विश्वाचं स्वरूप कसं कळलं ते सांगतात. मला तिच्यामुळे गुंठे कळायचे. तेवढ्यावर मी समाधानी होतो.

लिस्पची एकच अट आहे. सगळं कंसात लिहायचं. बेरीज कंसात, अट कंसात, कंसाच्या आत कंस, त्याच्याही आत कंस. उघडलेला प्रत्येक कंस कुठं ना कुठं बंद करायचा. त्यामुळे प्रोग्रामच्या शेवटी बंद कंसांची अशी रांग लागते की टाइप करणाऱ्याचा हात अडकला होता असं वाटावं.

हे सगळं मी नोटपॅडमध्ये लिहायचो. नोटपॅड म्हणजे कोरा कागद. तुम्ही काय लिहिताय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. सोमवारी दिवसभर बसून मी नवा तक्ता लिहिणारा भाग जोडला, पेन ड्राइव्ह घेऊन चार पावलं चाललो आणि ताईंच्या मशीनवर प्रोग्राम चढवला. सॉफ्टवेअरनं खाली एका ओळीत लिहिलं, ‘2>’. आणि थांबलं.

याचा अर्थ, दोन कंस बंद व्हायचे राहिलेत. कुठले, ते ते सांगत नाही. आमच्या नात्यात अशा एक काकू आहेत. काय चुकलं हे त्या कधीच सांगत नाहीत, पण काहीतरी चुकलंय हे विसरूही देत नाहीत.

मी परत चार पावलं आलो, दोन कंस टाकले, परत गेलो. ‘1>’. परत आलो, शोधलं, टाकला, गेलो. ‘1>’. त्या दिवशी मी बहुधा कर्जतपर्यंत पायी पोचलो असतो.

मंगळवारी ताईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “हे कंस म्हंजे नेमके काय हायेत, मला सांगा.”

मी सांगितलं. आठ वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एका वाक्यात आवरलं.

“म्हंजे बांध. खाचराला बांध घातला आन् एका कोपऱ्यात तोंड उघडं ठेवलं, तर पानी ऱ्हाईल का?”

लिस्पवर मी जे काही वाचलं आहे त्यात इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला आढळलेलं नाही. त्यांनी प्रोग्रामचा प्रिंट काढायला लावला. मग नकाशावर प्लॉट रंगवायच्या पेन्सिली घेतल्या आणि कंसांच्या जोड्या लावायला सुरुवात केली. बाहेरची जोडी तांबडी, तिच्या आतली हिरवी, तिच्या आतली निळी. दुपारी जेवणापर्यंत पाच पानं रंगून झाली. मधल्या काळात शेठ डोकावून गेले आणि ताई रंगकाम करतायत हे बघून, छताकडे पाहून परत गेले. त्यांचं ते छताकडे पाहणं मला आवडलं नाही.

“हा हिरवा बंद नाय झाला,” ताई म्हणाल्या.

“झालाय. मी टाकलाय. तिथं चार कंस होते, मी चार वेळा बटण दाबलं. माझ्या बोटांना आठवतंय.”

“बोटांना आठवतंय, पन कागदाला नाय. हे बघा. तीनच हायेत.”

तीनच होते. आणखी एका ठिकाणी पाचाचे चार होते. मी ते दुरुस्त केले, आणि दुरुस्ती करताना खालच्या ओळीत नवीन काही लिहिलं, तिथं दोनाचा एक झाला. संध्याकाळी मशीन पुन्हा ‘1>’ लिहून माझ्याकडे बघत होतं.

स्कूटरवरून कर्जतला जाताना मी स्वतःची झाडाझडती घेतली. वय झालं असेल. लक्ष लागत नसेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पळसदरीच्या पुढं आल्यावर मात्र मला माझं जुनं मत आठवलं आणि एकदम हलकं वाटलं. चूक माझी नव्हतीच. चूक अवजाराची होती. नोटपॅडमध्ये लिस्प लिहिणं म्हणजे हातात धरलेल्या कागदावर, उभ्यानं नकाशा काढण्यासारखं होतं. मला हवा होता लिस्पसाठीच घडवलेला एडिटर.

तो जगात होताच. ईमॅक्स त्याचं नाव. फुकट आहे, जुना आहे आणि स्वतः बहुतांशी लिस्पमध्येच लिहिलेला आहे. बुधवारी रजा टाकून घरी बसलो. आमच्या ऑफिसातली मशीनं इतकी जुनी की त्यावर आजचा ईमॅक्स चालला नसता. शोधून शोधून त्याची एक जुनी आवृत्ती काढली. मग माझ्या लॅपटॉपवर त्याच्या सेटिंगची फाइल लिहिली. ती फाइलही लिस्पमध्येच लिहायची असते. म्हणजे लिस्प नीट लिहिता यावं म्हणून आधी लिस्प नीट लिहायचं. मोठ्या साधनेत असे टप्पे असतात असं मी कुठंतरी वाचलं होतं, त्यामुळे खटकलं नाही. घरी सगळं पहिल्या फटक्यात चाललं. एकही कंस गळला नाही. यावरून मला काही शंका यायला हवी होती. मला त्याऐवजी अभिमान वाटला.

गुरुवारी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसात गेलो. माझ्या मशीनला पुढच्या बाजूच्या खाचा दाखवायलाच आहेत. टेबलाखाली शिरून मागच्या एका खाचेत पेन ड्राइव्ह घातला. फाइल उतरायला दोन चहा लागले. मग पडदा काळा झाला आणि त्यावर रंगीत अक्षरं आली. नेमके तेव्हाच शेठ आले.

“वायरस घुसला का काय रं?”

“नाही शेठ, एडिटर आहे.”

“मंग काळा का?”

“डोळ्यांना बरा असतो.”

“शनवारी पार्टीसमोर उघडू नको. मयताला आल्यासारखं वाटतंय.”

ईमॅक्सला माउस फारसा आवडत नाही. सगळं बटणांच्या जोड्यांनी करायचं असतं. फाइल सेव्ह करायची तर कंट्रोल धरून एक बटण, कंट्रोल धरून दुसरं. बाहेर पडायचं तर पुन्हा तसंच, वेगळ्या बटणानं. ताई थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

“एका सेव्हला दोनदा वाकायचं?”

“सवय होते, ताई.”

“सवय कशाचीबी होती, भाऊ.”

मी अशा बावीस आज्ञांचा एक तक्ता करून भिंतीवर चिकटवला. दुपारी बघतो तर त्यावर मिठाईच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं. शेठ म्हणाले, खिळा तिथंच होता.

पण काम झालं, हे सांगायला हवं. एका कंसावर गेलं की त्याचा जोडीदार रंगात उजळायचा. ओळी आपापल्या पायरीवर जाऊन बसायच्या. आणि मुख्य म्हणजे, माझ्या सेटिंगमुळे, उघडा कंस टाकला की त्याचा बंद कंस शेजारी आपोआप उगवायचा. मला फक्त मध्ये लिहायचं आणि बाणाच्या बटणानं पुढं सरकायचं. दुपारी दोनपर्यंत मी तक्त्याचा सगळा भाग नव्यानं लिहिला. चार पावलं चाललो. प्रोग्राम चढवला. ‘2>’ नाही, ‘1>’ नाही. काहीच नाही. मशीन पहिल्यांदा गप्प बसलं.

ताई तेव्हा जेवत होत्या. मी त्यांना माणूस, अवजार आणि विचारातली शिस्त यांच्या संबंधावर थोडं सांगितलं. डबा अर्धा व्हायचा होता, त्यामुळे त्यांना उठता येईना.

मग प्रोग्राम चालवला. ताईंच्या पडद्यावर एकेका प्लॉटच्या पोटात आकडे उमटत गेले, वरच्या रांगेपासून खालच्या रांगेपर्यंत, न थांबता. ताई हात न धुता बघत होत्या. “तीन आठवड्यांचं काम,” त्या हळूच म्हणाल्या. त्यात आनंद किती आणि आपण इतकी वर्षं हे हातानं का करत होतो असा राग किती, ते मला कळलं नाही. शेवटी तक्ता आला, तळाशी एकूण बेरीज आली. मी शेठना हाक मारायला जिन्याकडे निघालो.

“ओ भाऊ, थांबा,” ताई म्हणाल्या. त्यांचा तक्त्यावर विश्वास नसतो, कुणाच्याच. त्यांनी फायलीतून जमिनीचा सातबारा काढला होता आणि त्यावर बोट ठेवलं होतं. “जमीन वाढली.”

प्लॉटांच्या बेरजेत रस्ता आणि मोकळी जागा मिळवली की ती मूळ जमिनीच्या क्षेत्राहून जास्त भरत होती. आमच्या भागात हे अगदीच न ऐकलेलं नाही, पण ते विकताना होतं. नकाशातच होणं बरं दिसत नाही. मी हाक मारली नाही. साडेसहाला ऑफिस बंद झालं. ताई जिना उतरताना म्हणाल्या, “उद्याचा दिवस हाय आजून.” त्या हे मला सांगत होत्या की स्वतःला, ते विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी पोचलो तेव्हा ताईंनी तीन प्लॉट जुन्या पद्धतीनं, त्रिकोण पाडून, कागदावर मोजून ठेवले होते. तिन्ही बरोबर होते.

“प्लॉट नीट हायेत. बेरीज खोटी हाय,” त्या म्हणाल्या. “मी रात— नाय, सकाळी येता येता इचार केला. जास्तीचं किती भरतंय, बघा. रस्ता आन् मोकळी जागा, बरोबर तेवढंच. तुमी रस्ता पन इकला.”

अगदी तसंच होतं. ‘हा तुकडा प्लॉट असेल तरच बेरजेत धर’ अशी माझी अट होती. पण अटीचा कंस एक ओळ आधीच बंद झाला होता. आपोआप उगवणाऱ्या कंसाला कुठं उगवायचं हे कळत नाही, तो जागा मिळेल तिथं उगवतो. त्यामुळे बेरजेची ओळ अटीच्या बाहेर पडली होती आणि समोर येईल त्याला, रस्त्यालाही, मोजत सुटली होती. दुरुस्ती क्षुल्लक. हा बंद कंस इथून खोडायचा, एक ओळ खाली टाकायचा.

खोडला. खालच्या ओळीवर गेलो. शिफ्ट धरून शून्याचं बटण दाबलं, कारण बंद कंस तिथं असतो.

काही आलं नाही.

पुन्हा दाबलं. काही आलं नाही. ईमॅक्सनं त्या जागी कंस असता तर तो उजळून दाखवला असता; नव्हता, म्हणून काही उजळलं नाही. नोटपॅडमध्ये मी चार कंस एका दमात टाकायचो आणि पुढं बघायचो. इथं पहिल्यांदाच मी एकच कंस टाकत होतो आणि त्याच्या येण्याकडे डोळे लावून बसलो होतो. तिसऱ्यांदा दाबल्यावर तो आला.

मी पडद्यावरून नजर काढली आणि आठवड्यात प्रथमच कीबोर्डकडे पाहिलं.

शिफ्ट न धरता तेच बटण दाबलं. शून्य आलं नाही. पण शून्य तर मी दिवसभर टाइप करत होतो! करत होतो, पण उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनातून. आकडे तिथूनच टाइप करायचे, ही आमच्या ऑफिसची पद्धत. ताईंनीच मला लावलेली. वरच्या रांगेतल्या शून्याला या ऑफिसात फक्त एकाच कामासाठी हात लागायचा, आणि ते काम फक्त मी करत होतो.

“ताई,” मी म्हटलं, “हे बटण अडकतंय.”

ताई आल्या. त्यांनी कीबोर्डची वायर सोडवली, तो उचलून माझ्या टेबलावर जुन्या नकाशाचा कागद पसरला, आणि सूप पाखडावं तसा कीबोर्ड पालथा करून त्याच्या पाठीवर तीन थापा मारल्या. कागदावर लाल तांदूळ पडले. मग त्यांनी ओळंब्याच्या टोकानं शून्याचं बटण उचकटलं. खाली कुंकवाच्या वाळलेल्या चिखलात दोन दाणे, आडवे, चिकटून बसले होते. देवासमोर सुद्धा इतके नीट बसत नाहीत.

“अक्षता,” ताई म्हणाल्या. “ह्या तुमीच टाकल्या.”

नाकारण्यात अर्थ नव्हता. बाकीच्या दोन्ही कीबोर्डांत एकही दाणा निघाला नाही. तिथं मी घाईत होतो. माझ्या स्वतःच्या कीबोर्डला मात्र, विश्वास नसल्याचं कुणाला दिसू नये म्हणून, दोनदा टाकल्या होत्या. चार दिवस मी माझ्या बुद्धीवर, डोळ्यांवर, वयावर आणि नोटपॅडवर संशय घेतला होता. एक दिवस रजा टाकली होती. त्या दोन दाण्यांसाठी मी एक अख्खा ईमॅक्स आणून बसवला होता.

तेवढ्यात शेठ वर आले आणि कागदावरच्या तांदळांकडे बघून थबकले.

“हे काय? कुनाचा डबा सांडला?”

“नाय शेठ,” ताई म्हणाल्या, “प्रोग्राम निवडतोय.”

शेठनी छताकडे पाहिलं आणि खाली गेले.

आम्ही खालच्या वेल्डिंगवाल्याकडून थिनर आणलं, बटणाची बैठक कापसानं पुसली, बटण दाबून बसवलं. एकदा दाबलं की एकच कंस यायला लागला. हे वाचायला फार वाटत नाही, पण मी ते पंधरा-वीस वेळा करून पाहिलं. दुपारी साडेतीनला प्रोग्राम पुन्हा चालला. ताईंनी बेरजेत रस्ता, मोकळी जागा मिळवली, सातबारा शेजारी धरला आणि आकड्यावर बोट ठेवून दोन्ही ताडून पाहिले. मग त्यांनी पेन्सिल कानामागं अडकवली.

“बसलं.”

शनिवारी पार्टी आली. मोठे साहेब पांढऱ्या बुटांत होते आणि जिना चढताना त्यांना प्रत्येक पायरीचं वाईट वाटत होतं. शेठनी तक्ता त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो उलटा धरला, सुलटा केला, आणि विचारलं की मोबाइलची रेंज कुठल्या-कुठल्या प्लॉटवर येते. तो रकाना आमच्याकडे नव्हता. मग त्यांनी विचारलं की नदी कुठल्या प्लॉटवरून दिसते. नदी कुठल्याच प्लॉटवरून दिसत नाही. शेठ म्हणाले, पावसाळ्यात ऐकू येते. साहेब खूश झाले.

मग शेठ माझ्या मशीनकडे वळले आणि त्यांनी स्वतः तो काळा पडदा उघडायला लावला. “ही परदेशी टेक्नॉलॉजी हाय,” ते म्हणाले. “पनवेलला कुनाकडं नसंल.” साहेबांनी रंगीत कंसांकडे आदरानं पाहिलं. शेठना हुरूप चढला. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून, वेल्डिंगच्या आवाजावर आवाज चढवून, पस्तीस-चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल, अनुभवाबद्दल आणि माणसाला माणूस म्हणून जपण्याबद्दल बरंच सांगितलं. शेवटी त्यांनी ताईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“आन् मी हाय तोवर ह्या खुर्चीवरून ह्यांना कोन उठवनार नाय. एक दिवस पन नाय. लिवून घ्या.”

पांढऱ्या बुटांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागून वर आलेल्या ड्रायव्हरनंही वाजवल्या. ताई मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होत्या. ते आधीच झालेलं होतं.

सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचलो. खुर्ची रिकामी होती. टेबलावर शेठच्या नावानं रजेचा अर्ज होता, ताईंच्या नकाशातल्या अक्षरात, समास सोडून लिहिलेला. शेतातलं भात कापणीला आलं आहे आणि सुनेला विळा धरता येत नाही, असं कारण दिलं होतं.

रजा पंधरा दिवसांची होती. तेवढे दिवस त्या खुर्चीवर आम्ही प्रिंटरचे कागद ठेवले.